मॅग्नेट का चिकटला नाही, आणि ॲल्युमिनियम टाकल्यावर का चिकटला : एका अलॉयचा प्रकरण अभ्यास

आमच्या लॅबमध्ये एका ज्युनिअरने एम.टेक. प्रोजेक्टसाठी पहिल्यांदा पाच धातूंचं अलॉय (मिश्रधातू) वितळवलं, क्रोमियम, मॅंगनीज, लोखंड, कोबाल्ट, निकेल, पाचही सारख्या प्रमाणात म्हणजे दर शंभर अणूंमध्ये प्रत्येकाचे वीस. आर्क मेल्टिंगमधून (विजेच्या आर्कने वितळवण्यातून) साधारण पेढ्याएवढं बटण निघालं, मस्त चकचकीत. त्याने सहज म्हणून टेबलावरचा मॅग्नेट उचलून लावला आणि तो घसरून खाली पडला. परत लावला, परत पडला. बिचाऱ्याचा चेहराच उतरला कारण त्याचा हिशोब सरळ होता, पाचातले तीन धातू तर चुंबकाला चिकटणारे आहेत, साठ टक्के माल चुंबकीय, मग थोडं तरी चिकटायला हवं ना, त्याअर्थी वजन करताना नक्की आपणच काहीतरी घोळ घातला.

घोळ काही नव्हता. ईडीएस (कोणता धातू किती आहे हे एक्स-रेने ओळखणारी तपासणी) करून बघितलं, पाचही धातू बरोबर होते. मग त्याला म्हटलं आता क्रोमियम काढून चारच धातूंचं बटण कर, आणि मग त्याच चारांमध्ये ॲल्युमिनियम टाकून तिसरं कर. ॲल्युमिनियम म्हणजे ज्याचा चुंबकत्वाशी काही संबंध नाही असा धातू, घरच्या ॲल्युमिनियमच्या कढईला मॅग्नेट लावून बघा. चार धातूंच्या बटणाला मॅग्नेट लावला तर किंचित ओढ जाणवली, असली तर असली इतकीच. ॲल्युमिनियमवाल्याला लावला आणि टक्कन आवाज आला, ओढून काढायला जोर लावावा लागला.

हे आम्ही काही नवीन शोधलेलं नाही हे आधीच सांगतो. बीजिंगच्या युनिव्हर्सिटी ऑफ सायन्स अँड टेक्नॉलॉजीमधले झांग यॉंग, अमेरिकेच्या टेनेसी विद्यापीठातले पीटर लिआव आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१७ साली हे काम छापलंय, आम्ही फक्त ते आपल्या हाताने करून बघितलं. त्यांचे आकडे असे आहेत की कोबाल्ट-लोखंड-मॅंगनीज-निकेल या चौघांच्या अलॉयचं सॅच्युरेशन मॅग्नेटायझेशन, म्हणजे कितीही मोठं फील्ड दिलं तरी जास्तीत जास्त जेवढं चुंबकत्व मिळतं ते, साधारण १८ इएमयू पर ग्रॅम (इएमयू हे चुंबकत्वाचं एकक). त्यातच तेवढेच ॲल्युमिनियमचे अणू टाकले की १४७.८६. आठपट! शुद्ध लोखंडाचं असतं साधारण २१८, कोबाल्टचं १६० च्या आसपास आणि निकेलचं फक्त ५५, त्यावरून अंदाज घ्या की १४८ म्हणजे किती झालं. आणि ॲल्युमिनियमच्या जागी क्रोमियम टाकला तर जवळपास काहीच उरत नाही, तेच आमचं पहिलं बटण.

या सगळ्याची पार्श्वभूमी थोडक्यात सांगतो कारण ती माहीत असली की मजा जास्त येते. शेकडो वर्षं अलॉय म्हणजे एक मुख्य धातू आणि त्यात बाकीच्यांची चिमूट, पोलाद म्हणजे लोखंडात कार्बन, पितळ म्हणजे तांब्यात जस्त. इंग्लंडात ससेक्स विद्यापीठात ब्रायन कॅंटर यांच्या हाताखाली ॲलन व्हिन्सेंट नावाच्या विद्यार्थ्याने १९८१ च्या आपल्या प्रोजेक्टमध्ये वीस मूलद्रव्यं सारख्या प्रमाणात घेऊन वितळवली होती. बहुतेक सगळी खिचडीच झाली पण त्या खिचडीत एक फेज असा सापडला जो क्रोमियम, मॅंगनीज, लोखंड, कोबाल्ट आणि निकेलने भरलेला होता, आणि त्यावरून पुढे हे पाच सारखे घेऊन केलेलं अलॉय आलं. ते छापून यायला २००४ उजाडलं, त्याच वर्षी तैवानच्या येह जिएन-वेई यांनी स्वतंत्रपणे तीच कल्पना मांडून हाय एन्ट्रॉपी अलॉय हे नाव दिलं (एन्ट्रॉपी म्हणजे इथे अणूंची सरमिसळ). आणि त्याच्या एक वर्ष आधी, २००३ मध्ये, बेंगळुरूच्या आयआयएससीतले प्रा. एस. रंगनाथन यांनी करंट सायन्समध्ये या बहुधातू अलॉयना कॉकटेल म्हणून टाकलं होतं, हे आपल्याकडच्या मुलांना बऱ्याचदा माहीतच नसतं आणि मला त्याचं खरंच वाईट वाटतं. कॉकटेल शब्द इतका चपखल आहे की आजही या विषयात कॉकटेल इफेक्ट असंच म्हणतात, म्हणजे मिश्रणाचा गुण हा घटकांच्या गुणांची सरासरी नसतो. आमचं बटण हे त्याचं मला माहीत असलेलं सगळ्यात स्वच्छ उदाहरण.

आता मूळ प्रश्न. तीन चुंबकीय धातू एकत्र आल्यावर चुंबकत्व गेलं कुठे?

पहिल्यांदा डोक्यात येतं ते आपल्या स्टीलच्या भांड्यांचं. भांड्याच्या दुकानात खिशातून मॅग्नेट काढून बघणारे लोक तुम्ही पाहिले असतील, चिकटला तर हलका माल, नाही चिकटला तर चांगलं स्टील. त्यात तथ्य आहे पण अर्धंच. ३०४ ग्रेडमध्ये साधारण १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल असतं, त्याने लोखंडाचे अणू एफसीसी रचनेत (घनाच्या कोपऱ्यांवर आणि प्रत्येक बाजूच्या मधोमध) बसतात आणि त्या रचनेत ते चुंबकीय राहत नाही. ४३० ग्रेडमध्ये निकेल नसतं, रचना बीसीसी (घनाच्या कोपऱ्यांवर आणि घनाच्या मधोमध एक अणू), मॅग्नेट पटकन चिकटतो, इंडक्शनवर चालणाऱ्या भांड्यांच्या बुडाला म्हणूनच तसलं स्टील लावतात. (३०४ चा खोल डबा घेऊन त्याच्या कोपऱ्याला मॅग्नेट लावून बघा, कधीकधी हलकासा धरतो, कारण प्रेसमध्ये ओढताना तिथली एफसीसी रचना थोडी बदललेली असते.) तर आमच्या ज्युनिअरने लगेच निष्कर्ष काढला की सर, पाच धातूंचं अलॉय एफसीसी आहे म्हणून चिकटत नाही, ॲल्युमिनियमने ते बीसीसी झालं म्हणून चिकटलं, संपला विषय.

विषय संपत नाही. कारण लोखंड, कोबाल्ट आणि निकेल हे तिघंच सारख्या प्रमाणात घेतले तरी रचना एफसीसीच येते, आणि ते अलॉय मात्र झकास चुंबकीय आहे, त्याचं क्युरी तापमान म्हणजे ज्याच्यावर गेलं की चुंबकत्व मोडतं ते जवळपास १००० केल्विन आहे, सातशे डिग्री सेल्सिअसच्या वर. निकेल स्वतः एफसीसी आहे आणि तेही चुंबकीय आहे. म्हणजे एफसीसीवर सगळा आळ घालून चालणार नाही. तिघांमध्ये मॅंगनीज आला की बिघडतं आणि क्रोमियम आला की पार बसतं.

मॅंगनीज हा माझा या गोष्टीतला सगळ्यात आवडता धातू आहे. त्याच्या सुट्या अणूत पाच इलेक्ट्रॉन एकाच दिशेला तोंड करून असतात, म्हणजे अणू म्हणून तो लोखंडापेक्षाही तगडा चुंबक आहे. पण घन धातूत दोन मॅंगनीज एकमेकांच्या अगदी जवळ आले की एक वर तर दुसरा खाली अशी उलटी जोडी जमवतात, यालाच अँटिफेरोमॅग्नेटिझम म्हणतात, आणि मग दोघांचं चुंबकत्व एकमेकांना खाऊन टाकतं. क्रोमियमही त्याच स्वभावाचा. आमच्या पाच धातूंच्या अलॉयमध्ये शेजारच्या दोन अणूंमधलं अंतर साधारण अडीच अँगस्ट्रॉम (मीटरचा एक हजार कोटीवा भाग म्हणजे एक अँगस्ट्रॉम) आहे, मॅंगनीज-मॅंगनीज किंवा मॅंगनीज-क्रोमियम असे शेजारी इतक्या जवळ बसले की भांडणं ठरलेलीच.

त्यात एफसीसी रचनेची एक खोड अशी की तिच्यात शेजारचे अणू त्रिकोणात बसतात. आता समजा तीन जण त्रिकोणात बसलेत आणि प्रत्येकाला शेजाऱ्याच्या उलट तोंड करायचंय. पहिला वर, दुसरा खाली, तिसऱ्याने काय करायचं? कुणाचं तरी मन मोडणारच. हे सगळ्या धातूभर, कोट्यवधी त्रिकोणांमध्ये, आणि प्रत्येक त्रिकोणात कोण बसलंय हे चिठ्ठ्या टाकल्यासारखं वेगवेगळं, कारण पाच धातू कुठेही बसू शकतात. मग कुणाचीच एक दिशा ठरत नाही. २०१७ मध्येच झेक संशोधकांच्या एका गटाने या पाच धातूंच्या अलॉयचं मोजमाप छापलं होतं, त्यात खोलीच्या तापमानाला ते नुसतं पॅरामॅग्नेटिक (अणूंच्या दिशा विस्कटलेल्या, एकूण चुंबकत्व नाही), ९३ केल्विनला सगळे स्पिन म्हणजे अणूंचे छोटे चुंबक जिथे आहेत तिथे वाकडेतिकडे गोठतात म्हणजे स्पिन ग्लास होतं, आणि ३८ केल्विनला गेल्यावर कुठे फेरोमॅग्नेटिक (सगळे एका दिशेला, लोखंडासारखी) वागणूक दिसायला लागते. म्हणजे चुंबकत्व आत आहे, मेलेलं नाही, फक्त त्याला उणे २३५ डिग्रीच्या थंडीतच बाहेर यायला जमतं.

आम्ही हौसेने त्या बटणाला लिक्विड नायट्रोजनमध्ये बुडवून पाहिलं, ७७ केल्विन, म्हणजे ९३ च्या खाली. मॅग्नेट तरीही चिकटला नाही, आणि तसंच व्हायला हवं होतं, कारण स्पिन ग्लासमध्ये सगळे गोठलेले असले तरी एका दिशेला नसतात, बेरीज शून्यच येते. ज्युनिअरला स्पिन ग्लास म्हणजे काय हे पुस्तकापेक्षा त्या दिवशी जास्त कळलं असं तो म्हणाला.

आता ॲल्युमिनियम. इथे मला जरा रेंगाळायचंय.

ॲल्युमिनियमला निकेल आणि कोबाल्टची भयंकर ओढ आहे, मिसळताना उष्णता बाहेर पडते इतकी ओढ. पुरावा हवा तर हा घ्या, ॲल्युमिनियम ६६० डिग्रीला वितळतं, निकेल १४५५ ला, आणि दोघांचं अर्धंअर्धं संयुग वितळायला १६३८ डिग्री लागतात, दोघांपेक्षाही जास्त. त्यामुळे अलॉय अजून द्रवरूपात असतानाच ॲल्युमिनियम आपल्याभोवती हवे ते शेजारी गोळा करायला लागतं, त्या २०१७ च्या कामात कॉम्प्युटरवर द्रवाचं सिम्युलेशन करून नेमकं हेच दाखवलंय. थंड होताना हीच बैठक पक्की होते आणि एफसीसीची चिठ्ठ्या टाकलेली गर्दी जाऊन ऑर्डर्ड बीसीसी रचना येते. ऑर्डर्ड म्हणजे पंगतीत जागा ठरलेल्या असतात तसं, चौकोनी खोलीच्या कोपऱ्यांवर कोण आणि मधोमध कोण हे बऱ्यापैकी ठरलेलं. शिवाय ॲल्युमिनियम आपले इलेक्ट्रॉन सगळ्यांच्या सामायिक भांडारात टाकतं, त्याने फर्मी लेव्हल (इलेक्ट्रॉन ज्या ऊर्जेपर्यंत भरलेले असतात ती पातळी) सरकते, आणि धातूभर फिरणाऱ्या इलेक्ट्रॉनांमार्फत अणूंचे स्पिन एकमेकांशी जसे बोलतात ते बोलणंच बदलतं. परिणाम असा की मॅंगनीजचं उलटं वागणं दबतं आणि तो बाकीच्यांच्या दिशेने तोंड करतो.

हे नुसतं ऐकून घेऊ नका, पाठीमागचा हिशोब कागदावर करून बघता येतो आणि मी ज्युनिअरला तो फळ्यावर करायला लावला. शुद्ध धातूत लोखंडाचा प्रत्येक अणू साधारण २.२ बोर मॅग्नेटॉन (एका अणूचं चुंबकत्व मोजायचं माप) देतो, कोबाल्ट १.७, निकेल ०.६, तिघांची बेरीज ४.५. आता चार धातूंच्या अलॉयचे १८ इएमयू पर ग्रॅम हे अणूंच्या हिशोबात आणले तर चार अणूंमागे येतात जेमतेम पाऊण मॅग्नेटॉन. म्हणजे साडेचार येणं होतं आणि हातात पाऊण, बाकीचं मॅंगनीजने आणि त्या भांडणांनी खाल्लं (थोडा वाटा खोलीच्या तापमानाचाही आहे, पण तो बाजूला ठेवू). ॲल्युमिनियमवाल्याचे १४७.८६ त्याच पद्धतीने आणले तर पाच अणूंमागे येतात जवळपास ६.८! म्हणजे साडेचाराच्याही वर सव्वादोन. ॲल्युमिनियम काही देत नाही. लोखंडाचा वाटा अलॉयमध्ये थोडा वाढू शकतो हे धरलं तरी एवढं जादाचं मॅंगनीजकडूनच यायला हवं. आधी जो घरातलं खात होता तोच आता कमावून आणतोय. खडबडीत हिशोब आहे, मान्य, पण चिन्ह उणेचं अधिक झालं हे इतकं ढळढळीत दिसतं की डीएफटीच्या (इलेक्ट्रॉनांचं कॉम्प्युटरवर केलेलं गणित) रंगीत आकृत्या बघायच्या आधी मुलांनी हे करावंच असं माझं मत आहे.

याच हिशोबाने अजून एक गंमत हाती लागते. त्या कामात ॲल्युमिनियमऐवजी गॅलियम आणि टिन टाकूनही बघितलंय आणि दोन्हीचे आकडे ८० इएमयू पर ग्रॅमच्या आसपास, म्हणजे तक्त्यात दोघं जुळे भाऊ वाटतात. पण टिनचा अणू गॅलियमच्या पावणेदोनपट जड आहे, आणि आपण भागतोय ग्रॅमने. वजन बाजूला काढून अणूंमागे मोजलं तर गॅलियमवाल्यात साधारण ४.३ मॅग्नेटॉन आणि टिनवाल्यात जवळपास ५. म्हणजे टिनचं काम बरंच चांगलं आहे, फक्त त्याचं स्वतःचं वजन त्याला मारतं. इएमयू पर ग्रॅमचे तक्ते वाचताना हे कायम लक्षात ठेवायचं, मी स्वतः हा हिशोब करेपर्यंत दोघांना सारखंच समजत होतो.

आणि हे सगळं ऐकून कुणाला वाटेल की बिनचुंबकीय धातू टाकून चुंबकत्व वाढवणं ही एकविसाव्या शतकातली जादू आहे, तर तसंही नाही. जर्मनीत फ्रिट्झ हॉइस्लर यांनी १९०३ मध्ये तांबं, मॅंगनीज आणि ॲल्युमिनियम यांचं अलॉय जाहीर केलं, त्यातला एकही धातू चुंबकाला चिकटत नाही आणि अलॉय चिकटतं. तिथे मॅंगनीज-मॅंगनीज अंतर साधारण ४.२ अँगस्ट्रॉम होतं, मधे बाकीचे येऊन बसतात, आणि लांब गेलेले मॅंगनीज उलटे न वागता एका दिशेला येतात. पुढे १९३१ मध्ये जपानच्या मिशिमा तोकुशिची यांनी चुंबकत्व गमावलेल्या लोखंड-निकेल अलॉयमध्ये ॲल्युमिनियम टाकलं आणि त्यातून कायम चुंबक निघाला, ज्या घराण्याला आपण आज अल्निको म्हणतो, जुन्या स्पीकरमध्ये असायचे ते. आमच्या बटणात कोबाल्ट आहे, निकेल आहे, लोखंड आहे, ॲल्युमिनियम आहे, म्हणजे अल्निकोचे मुख्य घटक, आणि वर हॉइस्लरचा मॅंगनीज. दोन जुन्या घराण्यांचं हे लग्न आहे असं मी म्हणतो.

मग याचा उपयोग काय, हे प्रत्येक सेमिनारला कुणीतरी विचारतंच आणि विचारायलाच हवं. ट्रान्सफॉर्मर किंवा मोटरच्या कोअरसाठी सॉफ्ट मॅग्नेट लागतो, म्हणजे पटकन चुंबक होणारा आणि पटकन सोडणारा, दर सेकंदाला शंभर वेळा दिशा बदलताना कमीत कमी ऊर्जा खाणारा. तिथे आज सिलिकॉन स्टीलच्या पातळ पत्र्यांच्या थप्प्या असतात आणि स्वस्ताईत त्यांना हात लावणारं कुणी नाही. आमच्या अलॉयमध्ये दर पाच अणूंत एक कोबाल्ट आहे, त्याच्या भावात गावच्या डीपीचा ट्रान्सफॉर्मर कुणी करणार नाही, हे स्पष्ट बोललेलं बरं. अशा बहुधातू अलॉयची जागा वेगळी आहे, जिथे चुंबकत्वासोबत ताकदही लागते, समजा प्रचंड वेगाने फिरणाऱ्या मोटरचा रोटर. सिलिकॉन वाढवलं की स्टील ठिसूळ होतं, आणि धातू मजबूत करायचे नेहमीचे उपाय केले की डोमेन वॉल (वेगवेगळ्या दिशेच्या चुंबकीय भागांमधल्या सीमा) अडकायला लागतात आणि लॉस म्हणजे वाया जाणारी ऊर्जा वाढते, ही जुनी कटकट आहे.

झांग यॉंग यांच्याच गटाने २०१३ मध्ये लोखंड-कोबाल्ट-निकेलमध्ये थोडं ॲल्युमिनियम आणि सिलिकॉन टाकून १.१५ टेस्ला सॅच्युरेशनचं, दाबलं तरी न फुटणारं अलॉय दाखवलं होतं. आणि २०२२ मध्ये ड्यूसेलडॉर्फच्या मॅक्स प्लांक इन्स्टिट्यूटमधून लोखंड, निकेल, कोबाल्ट, टॅंटॅलम आणि ॲल्युमिनियमचं एक अलॉय आलं, त्याची ताकद १३३६ मेगापास्कल, तुटण्याआधी ५४ टक्के लांबतं, आणि कोअर्सिव्हिटी (चुंबकत्व घालवायला लागणारं उलटं फील्ड) फक्त ७८ अँपिअर पर मीटर. युक्ती अशी की आत सरासरी ९१ नॅनोमीटरचे कण वाढवले, डोमेन वॉलच्या जाडीपेक्षा लहान, त्यामुळे वॉल त्यांच्यात अडकत नाही पण डिसलोकेशन (ज्यांच्या सरकण्याने धातू वाकतो ते अणूंच्या रांगांतले दोष) मात्र अडकतात. मला विचाराल तर वापराच्या दृष्टीने खरी वाट ही आहे, आमच्या बटणाची नाही. आमचं बटण समजून घेण्यासाठी सोन्यासारखं आहे.

करणाऱ्यांसाठी दोन गोष्टी. मॅंगनीज आर्कखाली वाफ होऊन उडतो, चेंबरच्या काचेवर काळपट थर दिसला की समजायचं, म्हणून तो हिशोबापेक्षा थोडा जास्त घ्यायचा आणि नंतर ईडीएसने खात्री करायचीच, कारण या अलॉयमध्ये मॅंगनीज दोन टक्के इकडेतिकडे झाला तर चुंबकत्वाचा आकडा वाचून तुम्ही भलतंच काहीतरी लिहाल. बटण उलटं करून निदान चार-पाच वेळा परत वितळवायचं, नाहीतर तळाशी एक आणि वर एक असं होतं. आणि हातातल्या मॅग्नेटवर निष्कर्ष लिहू नका. तो फक्त उत्सुकता जागी करायला, पुढचं काम व्हीएसएमचं (नमुना कंप पाववून चुंबकत्व मोजणारं यंत्र), शक्य असेल तर तापमान बदलत मोजा कारण चार धातूंच्या अलॉयची खरी गोष्ट थंडीतच दिसते.

तिसरं बटण व्हीएसएमसाठी कापायला घेतलं तेव्हा ब्लेड अर्ध्यात असतानाच ते तडकलं, ऑर्डर्ड बीसीसीचा ठिसूळपणा, तुकडे टेबलाखाली गेले. ज्युनिअर खाली वाकून शोधायला लागला आणि मग त्याच्या लक्षात आलं, त्याने मॅग्नेट जमिनीवरून फिरवला आणि सगळे तुकडे, अगदी मोहरीएवढे सुद्धा, चिकटून वर आले. त्यातलाच एक आम्ही मोजला.